नाना फडणवीसांची तसबीर, जेम्स वेल्स आणि आमच्या वडिलांची सही : चित्राखाली नाव कोणाचे लिहावे?

शाहूपुरीचा कुंचला (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील कोल्हापुरात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची बॅनर आणि कोणाच्या घरातील माणूस गेला की त्याच्या लहानशा फोटोवरून मोठे तैलचित्र करून देणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांना जाऊन यंदा दहा वर्षे होतील. त्या निमित्ताने घरात उरलेली वीसेक चित्रे आम्ही भावंडे एका छोट्या दालनात तीन दिवस मांडणार आहोत आणि सध्या प्रत्येक चित्राखालची चिठ्ठी लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे.

त्या वीसांत नाना फडणवीसांचे एक अर्धाकृती तैलचित्र आहे. कोणा गिऱ्हाइकाने सांगून ठेवले आणि नेले नाही, म्हणून ते घरीच राहिले. वडिलांनी ते एका छापील चित्रावरून मोठे केले होते. ते छापील चित्रही ट्रंकेत सापडले असून त्यावर पेन्सिलीने आखलेले चौकोन अजून स्पष्ट दिसतात. मूळ चित्रकाराचे नाव असलेली खालची पट्टी मात्र कोणीतरी कात्रीने कापून टाकली आहे आणि कॅनव्हासच्या उजव्या कोपऱ्यात वडिलांची ठसठशीत सही आहे. माझ्या चुलत भावाच्या मते मूळ चित्र डॅनियल नावाच्या इंग्रजाचे आहे. शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या सरांनी मात्र पाहताक्षणी जेम्स वेल्सचे नाव घेतले, आणि तो विलायतेत कोणी फारसा मोठा चित्रकार नव्हता, असेही ते म्हणाले.

हा वेल्स कोण होता, तो पुण्यापर्यंत कसा पोहोचला, आणि त्याने नानांना समोर बसवून चित्र काढले होते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. वडिलांच्या सहीचा मान राहावा आणि मूळ माणसाचे श्रेयही बुडू नये, अशी चिठ्ठी लिहावी असा माझा हेतू आहे. आपणांपैकी कोणी याविषयी वाचले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

जुने दप्तर

आपल्या सरांनी बरोबर ओळखले. छापील रूपात आपल्याकडे सर्वत्र दिसणारा नानांचा तो उभट, बारीक चेहरा वेल्सच्या चित्रातूनच आलेला आहे. थोडे विस्ताराने लिहितो, कारण या माणसाची कारकीर्द मोठ्या चित्रकारांच्या चरित्रांत दोन ओळींत संपते आणि मराठी इतिहासात मात्र तिला दोन ओळींहून पुष्कळ अधिक जागा मिळायला हवी.

जेम्स वेल्सचा जन्म १७४७च्या सुमारास पीटरहेड या बंदरगावी झाला. हे गाव स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबर्डीनशायर परगण्यात आहे. ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. चित्रकला तो बहुतांशी स्वतःच्या हिमतीवरच शिकला आणि त्या भागातील लोकांची व्यक्तिचित्रे काढून पोट भरू लागला. पुढे तो लंडनला गेला. १७८८ आणि १७८९ साली रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली होती, एवढी नोंद मिळते. मात्र त्या काळच्या लंडनमध्ये व्यक्तिचित्र काढून घेणारा धनिक प्रथम जोशुआ रेनॉल्ड्सचे किंवा जॉर्ज रॉमनीचे दार ठोठावत असे आणि विशी-बाविशीचा टॉमस लॉरेन्स त्यांच्या मागून झपाट्याने वर येत होता. परगण्यातून आलेल्या, चाळिशी उलटलेल्या, मुलीबाळींच्या बापाला त्या बाजारात मिळून मिळून काय मिळणार?

अशा चित्रकारांसाठी तेव्हा एक वाट मोकळी होती, ती म्हणजे कंपनी सरकारची परवानगी काढून हिंदुस्थानात जाणे. लंडनच्या टिली केटलने ती १७६९च्या सुमारास चोखाळली होती. मद्रासेत अर्काटच्या नबाबाची आणि फैजाबादेत शुजाउद्दौल्याची चित्रे काढून तो १७७६ साली बऱ्यापैकी पैसा गाठीला बांधून परतला. पुढे त्याचे दिवाळे निघाले, पुन्हा हिंदुस्थानात येण्यासाठी तो १७८६ साली खुष्कीच्या मार्गाने निघाला आणि वाटेतच मरण पावला. हल शहरातला रॉबर्ट होम १७९१ साली मद्रासेला उतरला, टिपूवरील मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या लष्कराबरोबर हिंडला, पुढे लखनौच्या दरबारचा चित्रकार झाला आणि १८३४ साली कानपुरात वारला. या मंडळींना इंग्लंडच्या कलेतिहासात दुय्यम म्हणतात आणि तिथल्या हिशेबाने ते खोटेही नाही. परंतु त्यांच्यासमोर जे चेहरे बसले, ते रेनॉल्ड्सला कधी पाहायलाही मिळाले नाहीत.

वेल्स १७९१च्या जुलैमध्ये मुंबईस पोहोचला. कलकत्ता आणि मद्रास येथे युरोपीय चित्रकारांची गर्दी होऊ लागली होती. मुंबई त्या मानाने लहान, आणि इंग्रज वस्तीही थोडी. गोऱ्या गिऱ्हाइकांवर त्याचे फार काळ भागले असते असे वाटत नाही. त्याचे नशीब उघडले ते चार्ल्स वॅर मॅलेटमुळे. हा मॅलेट १७८६ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता आणि त्याला लेणी, चित्रे, प्राणी, वनस्पती अशा सर्वच गोष्टींची हौस होती. त्याच्या बोलावण्यावरून वेल्स १७९२ मध्ये बोरघाट चढून पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, त्या वर्षी उत्तरेतून पुण्यास आलेले महादजी शिंदे आणि इंग्रज वकिलातीशी ज्यांचा नित्य संबंध येत असे ते बहिरोपंत मेहेंदळे यांची चित्रे त्याने तेथे केली. माधवराव आणि नाना सेवकांसह एकत्र बसलेले त्याचे मोठे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तेव्हा पेशव्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते आणि नाना पन्नाशीला आले होते. ते चित्र पाहताना हा वयातला फरक आणि त्यामागचे सारे राजकारण मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. तो नानांसमोर बसला होता, आणि आपल्या वडिलांच्या चित्राचे खरे मोल त्यातच आहे.

कोटितीर्थ

वरील माहिती उत्तम आहे. ‘इंग्रज चित्रकार’ असे चिठ्ठीत लिहू नये, एवढीच दुरुस्ती सुचवतो. आपण मराठीत कंपनीच्या प्रत्येक गोऱ्या माणसाला इंग्रज म्हणून मोकळे होतो, पण वेल्स जन्माने आणि शिक्षणाने स्कॉटिश होता. कोल्हापूरच्या माणसाला कोणी सरसकट पुणेकर म्हटले तर त्याला जे वाटेल, तेच त्यालाही वाटले असते.

मी स्वतः व्यक्तिचित्रे काढतो, म्हणून कामाच्या अंगाने थोडे लिहितो. वेल्स येण्याआधी आपल्याकडच्या दरबारी चित्रांत माणूस बहुधा एकचश्मी, म्हणजे पूर्ण बाजूने दाखवीत. त्या पद्धतीत नाकाची व कपाळाची रेषा अचूक येते, पण डोळ्यांखालची झोपेची छाया, गालाचा खळगा आणि एका बाजूने आलेल्या उजेडात ओठाच्या कडेला पडणारी सावली येत नाही. युरोपीय तैलचित्राची पद्धत नेमकी या गोष्टींवर उभी आहे. चेहरा पाऊण वळवून बसवायचा, उजेड एकाच अंगाने घ्यायचा, दोन-तीन बैठकींत डोके समोर पाहून पुरे करायचे आणि अंगरखा, शालजोडी, लोड, तक्के मागाहून निवांत रंगवायचे. लंडनमध्ये तर नामवंतांकडे कपडे रंगवायला वेगळी माणसे असत. म्हणून अशा चित्रात विश्वास ठेवायचा तो डोक्यावर, आणि मग उतरत्या क्रमाने बाकीच्यांवर.

वेल्सची छापील चित्रे मी पुष्कळ वेळा न्याहाळली आहेत. माझ्या मते त्याची शरीररचना ताठ आहे आणि हात तर बऱ्याचदा कच्चे आहेत. आमच्याकडच्या जुन्या गुरूंनी ते हात पुसून पुन्हा काढायला लावले असते. पण चेहऱ्यात तो खुशामत करीत नाही. नानांच्या चेहऱ्यावर राजबिंडेपणा आणण्याची सोय त्याला होती, आणि मोठ्या गिऱ्हाइकासाठी ती त्याने वापरली असती तर कोणी दोष दिला नसता. त्याने तो अशक्त, सावध, रात्र-रात्र हिशेब तपासणारा चेहरा तसाच ठेवला. मोठ्या प्रतिभेच्या चित्रकाराने कदाचित त्यात स्वतःचे काही मिसळले असते. हा माणूस समोर दिसेल तेवढेच काढू शकत होता, आणि आपल्या दृष्टीने ते बरेच झाले.

आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर, दत्तोबा दळवी यांच्या गावात बसून हे लिहिताना मला एक गोष्ट जाणवते. त्यांच्या काळापर्यंत तैलरंग आपल्याकडे रुळला होता, आणि बाबुरावांसारखा माणूस कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता त्यात तरबेज झाला. ॲबर्डीनमध्ये धडपडत शिकलेला वेल्स आणि आपले वडील यांची जात एकच, असे मला वाटते. फरक इतकाच की वेल्सच्या समोर माणूस होता आणि आपल्या वडिलांच्या समोर चौकोन आखलेला कागद.

एक तपासणी अवश्य करावी. खोदकाम करून छापलेल्या चित्रांत पुष्कळदा मूळ चित्र उलटे होते, म्हणजे डावे उजवीकडे जाते. त्या काळी हिंदू पुरुष अंगरख्याचा बंद डाव्या काखेखाली बांधीत व मुसलमान उजव्या. आपल्या चित्रात बंद उजवीकडे दिसत असेल, तर वडिलांना मिळालेली छपाई उलटी होती असे समजावे.

शाहूपुरीचा कुंचला

सर, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री चित्र भिंतीवरून उतरवून विजेरीने पाहिले. बंदाची जागा शालीच्या घडीखाली पूर्ण झाकलेली आहे, त्यामुळे निर्णय लागला नाही. मात्र आपण हातांबद्दल लिहिले ते वाचून मी हात नीट पाहिले. छापील चित्रातला एक हात अंधूक आहे. वडिलांनी तो सरळ स्वतःच्या हाताकडे पाहून रंगवला असावा, कारण करंगळी जराशी वाकडी आहे आणि त्यांची करंगळी तशीच होती. आईला हे दाखवले, ती बराच वेळ काही बोलली नाही.

डॅनियलचे नाव मग या चित्राला कसे चिकटले, हे कोणी सांगेल का? चुलत भाऊ अजून त्याच मतावर ठाम आहे.

तिसरा प्रहर

आपले चुलत भाऊ अगदीच चुकीचे नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरे एक चित्र आहे. शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालात सवाई माधवरावांचा दरबार भरला आहे, मॅलेट तहाचा कागद सादर करीत आहे आणि मागे गणपतीची मूर्ती आहे, असे एक भव्य तैलचित्र आहे. ते टॉमस डॅनियलचे असून १८०५ सालचे आहे आणि आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा जो तह १७९० साली झाला, त्याचा तो प्रसंग आहे.

वास्तविक हे चित्र मॅलेटने वेल्सकडून करवून घ्यायचे ठरवले होते. वेल्सने त्यासाठी चेहऱ्यांचे व इमारतीचे अभ्यास जमवले होते, पण चित्र होण्याआधीच तो वारला. मॅलेट ती रेखाटने घेऊन विलायतेस परतला आणि त्याने काम डॅनियलकडे सोपवले. म्हणून त्या दरबारातील प्रमुख चेहरे वेल्सच्या हातचे आणि रचना, रंग व सही डॅनियलची, अशी विभागणी आहे. वेरूळबाबतही तेच घडले. वेल्सने काढलेल्या रेखाटनांवरून वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये १८०३च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, त्यांच्यावर वेल्सचे नाव आहे खरे, पण आज पुष्कळ लोक ती डॅनियलचीच म्हणून ओळखतात.

‘समोर बसून काढले’ या शब्दांना मर्यादा कुठे पडते, तेही येथे सांगायला हवे. १७९०च्या त्या दरबारात डॅनियल नव्हता, आणि वेल्सने तर तोवर हिंदुस्थानचा किनाराही पाहिला नव्हता. चेहरे १७९२ नंतरचे, प्रसंग १७९०चा, आणि कॅनव्हास त्यानंतर पंधरा वर्षांनी लंडनमध्ये रंगवलेला. असे असूनही शनिवारवाड्याच्या आतल्या महालाची कल्पना आपण बहुतांशी त्याच चित्रावरून करतो, कारण १८२८च्या आगीत वाडा आतून जळून गेला. सुटे व्यक्तिचित्र आणि जुळवलेला दरबार यांत पुरावा म्हणून मी व्यक्तिचित्राला नेहमी वरचे स्थान देतो. आपल्याकडचे चित्र त्या पहिल्या प्रकारातले आहे.

जाता जाता : पट्टणकुडीच्या लढाईत १७९९ साली कोल्हापूरच्या फौजेने पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांना मारले, तेव्हा नाना पुण्यात हयात होते. त्या काळात करवीरात त्यांची तसबीर रंगवायला टाकणारे गिऱ्हाईक काही मिळाले नसते. आपल्या वडिलांच्या काळातही ते टाकलेले चित्र न्यायला आले नाही, हा योगायोगच म्हणायचा.

जुने दप्तर

पट्टणकुडीचा उल्लेख वाचून हसू आले. माझ्या आधीच्या उत्तरात वेल्सचा शेवट राहिला होता, तो पुरा करतो.

१७९५ साल पुण्याला फार वाईट गेले. मार्चमध्ये खर्ड्याचा विजय झाला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून पडून २७ तारखेला वारले. त्याच सुमारास वेल्स साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत रेखाटने करीत होता. तेथे त्याला ताप भरला आणि नोव्हेंबरात ठाण्यास त्याचा अंत झाला. ज्या तरुण पेशव्याला त्याने रंगवले होते, त्याच्यामागून काही आठवड्यांतच तोही गेला. हिंदुस्थानात त्याला मिळाली ती सवाचार वर्षे. एवढ्यात त्याने व्यक्तिचित्रे, मुंबई बेटाची बारा दृश्ये आणि घारापुरी, कार्ले, वेरूळ, कान्हेरी यांची रेखाटने केली. त्याची रोजनिशी आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

त्याच केंद्रात गंगाराम तांबट नवगिरे या पुण्याच्या चित्रकाराची कामेही आहेत, आणि मला वाटते, आपल्या प्रदर्शनाच्या संदर्भात त्याचे नाव घेतलेच पाहिजे. मॅलेटने या गंगारामाकडून वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढवून घेतला होता. वेल्स आल्यावर तो त्याच्या हाताखाली काम करू लागला. त्यांच्याबरोबर रॉबर्ट मेबन नावाचा आणखी एक मदतनीस होता. वेल्सने गंगारामाला युरोपीय दृष्टिक्रम, म्हणजे चित्रात जवळ-लांबचे अंतर दाखवण्याची रीत, शिकवला, असे एकतर्फी लिहिले जाते. पण कातळात कोरलेल्या कोणत्या आकृतीला काय म्हणतात आणि तिच्या हातात काय आहे, हे परमुलखातल्या त्या माणसाला कोणी सांगितले असेल, याचा विचार त्या लिहिण्यात फारसा दिसत नाही.

कुटुंबाचीही एक गंमत आहे. मॅलेटची हिंदी सहचारिणी अंबर कौर हिचे चित्र वेल्सने केले होते. पुढे मॅलेट विलायतेस परतला आणि १७९९ साली त्याने वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी, लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले. त्यांपैकी ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता आणि माथेरान शोधून काढल्याचे श्रेय १८५० साली त्याला मिळाले. आजोबा ज्या जिल्ह्याच्या गावी तापाने गेले, तिथेच नातू साहेब होऊन बसला, आणि हवा खायला डोंगर शोधू लागला.

चिठ्ठीबद्दल माझे मत असे की वेल्सचे नाव आधी यावे, परंतु ‘नक्कल’ हा शब्द टाळावा. वेल्स स्वतःसुद्धा आपल्या चित्रांच्या प्रती वेगवेगळ्या मालकांसाठी करून देत असे. त्या धंद्यात ते नेहमीचेच होते आणि त्यात कमीपणा कोणी मानत नसे.

कोटितीर्थ

‘प्रतिकृती’ लिहावे. आणि चौकोन आखलेला तो कागद काचेखाली घालून चित्राशेजारीच लावावा, ही आग्रहाची विनंती. आजच्या मुलांना प्रोजेक्टर माहीत आहे. चौकोन मोजून नाक जागेवर आणणे म्हणजे काय, हे त्यांनी पाहायला हवे.

शाहूपुरीचा कुंचला

सर्वांचे मनापासून आभार. भावंडांत चर्चा होऊन पुढील मजकूर ठरला आहे :

‘नाना फडणवीस. मूळ चित्र : जेम्स वेल्स, स्कॉटिश व्यक्तिचित्रकार, पुणे, अठराव्या शतकाचे शेवटचे दशक. छापील चित्रावरून तैलरंगातील प्रतिकृती : आमचे वडील, कोल्हापूर. उजवा हात त्यांचा स्वतःचा.’

शेवटच्या वाक्याला चुलत भावाचा विरोध होता, पण आईने ते राहू द्या म्हणून सांगितले. कागदाला चौकट करायला आजच टाकली आहे.